ओझोनछिद्र दोन ओळींत बसत नाही

ओझोनच्या थराला छिद्र का पडले, याचे उत्तर आपल्याकडे शाळेतल्या मुलापासून स्पर्धा परीक्षेच्या उमेदवारापर्यंत सगळ्यांना पाठ असते. क्लोरोफ्लुओरोकार्बन (सीएफसी) वायू हळूहळू वर जातात, अतिनील किरणांनी फुटतात आणि क्लोरीनचा अणू सुटा होतो. तो ओझोनमधला एक ऑक्सिजन हिसकावतो आणि क्लोरीन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ऑक्सिजनचा एक मोकळा अणू भेटला की ऑक्सिजनची जोडी बाहेर पडते, क्लोरीन पुन्हा सुटतो आणि पुढच्या ओझोनकडे वळतो. असा एक अणू लाखभर ओझोन रेणू संपवतो आणि त्यामुळे अंटार्क्टिकावर ओझोनछिद्र पडले.

यातले शेवटचे विधान सोडले तर बाकी सगळे खरे आहे. शेवटचे विधान मात्र आधीच्या विधानांतून निघत नाही. क्लोरीनमुळेच छिद्र पडले, याबद्दल मला तसूभरही शंका नाही. पण ज्या दोन पायऱ्यांचे चक्र आपण त्याचे कारण म्हणून शिकवतो, ते चक्र त्या ठिकाणी आणि त्या ऋतूत जवळजवळ चालतच नाही. अंटार्क्टिकावरचा ओझोन ज्या रसायनाने नाहीसा होतो ते वेगळे आहे, जास्त विलक्षण आहे, आणि ते समजल्याशिवाय छिद्र दक्षिण ध्रुवावरच का, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

आधी पूर्वपक्षाची बाजू नीट मांडू, कारण ती दुबळी नाही. १९७४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या शाखेत शेरवुड रोलंड आणि मारिओ मोलिना यांनी दाखवून दिले की, जमिनीजवळ कशानेही न विघटणारे क्लोरोफ्लुओरोकार्बन स्थितांबरात पोचल्यावर फुटणारच आणि त्यांतला क्लोरीन ओझोनच्या मागे लागणारच. रिचर्ड स्टोलार्स्की आणि राल्फ सिसरोन यांनीही त्याच सुमारास क्लोरीनचे हे चक्र स्वतंत्रपणे मांडले होते. सुटा क्लोरीन आणि क्लोरीन मोनॉक्साइड ही एकाच नाण्याची अदलाबदल होणारी दोन रूपे. उत्प्रेरकासारखी ती स्वतः संपत नाहीत, ओझोन मात्र संपत जातो. हे भाकीत सुमारे ४० किलोमीटर उंचीसाठी होते आणि तिथे ते खरे ठरले. गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत त्या उंचीवरचा ओझोन खरोखरच घटत गेला, आणि क्लोरीनचे प्रमाण उतरू लागल्यावर तो सावरू लागला. १९९५ चे रसायनशास्त्राचे नोबेल रोलंड, मोलिना आणि पॉल क्रुत्झन यांना मिळाले, ते सर्वार्थाने योग्यच होते.

पण ४० किलोमीटरवर हे चक्र चालते त्याला कारण आहे. तिथे हवा विरळ आहे आणि ऊन प्रखर. ऑक्सिजनचे आणि ओझोनचे रेणू सतत फुटत राहतात आणि ऑक्सिजनचे मोकळे अणू मुबलक असतात. क्लोरीन मोनॉक्साइडला ताटकळावे लागत नाही. आता त्याच चक्राला खाली, १५ ते २० किलोमीटरवर आणा. ऑक्सिजनचा रेणू फोडण्याएवढे आखूड लहरींचे किरण इथवर पोचतच नाहीत, वरच्या थरातच शोषले जातात. ओझोन फुटून एखादा ऑक्सिजन अणू सुटलाच, तर भोवतालची हवा इतकी दाट असते की सेकंदाच्या लहानशा अंशात तो ऑक्सिजनच्या रेणूला चिकटतो आणि पुन्हा ओझोन होतो. त्यात सप्टेंबरमधला अंटार्क्टिकाचा सूर्य: लांबलचक ध्रुवीय रात्रीनंतर नुकताच क्षितिजावर आलेला, किरण तिरके, वाट लांब. अशा जागी क्लोरीन मोनॉक्साइडने ऑक्सिजनच्या मोकळ्या अणूची वाट पाहायची म्हटली, तर महिनाभरात ओझोनची घट जेमतेम काही टक्के भरेल. प्रत्यक्षात तिथे ऐन हंगामात दिवसाला सुमारे दोन टक्के ओझोन जातो, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्या थरात शोधूनही सापडू नये अशी अवस्था येते.

ही विसंगती शास्त्रज्ञांच्या लक्षात पहिल्या दिवसापासून होती, आणि आपल्याकडच्या पुस्तकांतून नेमकी तीच गळून पडली याचे मला वाईट वाटते. मे १९८५ मध्ये जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी अंटार्क्टिकावरच्या हॅली तळावरची मोजमापे प्रसिद्ध केली. आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षापासून तिथे डॉब्सनच्या वर्णपटमापकाने ओझोन मोजला जात होता. ऑक्टोबरमधला ओझोन पूर्वी ३०० डॉब्सन एककांच्या आसपास असायचा, तो १९८४ पर्यंत २०० च्या घरात उतरला होता. त्याआधीची सगळी गणिते असे सांगत होती की घट होईल ती वरच्या थरात, सावकाश, अनेक दशकांत काही टक्क्यांची. मोजमाप सांगत होते की घट खालच्या थरात आहे, झपाट्याची आहे आणि वर्षातल्या ठरावीक आठवड्यांत आहे. दोन ओळींचे चक्र हेच कारण असते, तर हा शोध कोणाला धक्का देणारा ठरलाच नसता.

म्हणूनच पुढची दोन वर्षे खरा वाद झाला. एक पक्ष म्हणाला, सूर्यावरच्या घडामोडींमुळे नायट्रोजनची ऑक्साइडे वाढली असावीत. दुसरा म्हणाला, रसायनाचा संबंधच नाही. खालची ओझोन नसलेली हवा वर चढते आहे. तिसरा पक्ष क्लोरीनचा, पण त्याच्याकडे अजून पुरता मार्ग नव्हता. पहिल्या दोन पक्षांचा निकाल मोजमापांनी लावला. १९८६ च्या वसंतात सुसान सॉलोमन यांच्या नेतृत्वाखाली मॅकमर्डो तळावर गेलेल्या तुकडीला नायट्रोजन डायऑक्साइड वाढलेला नव्हे, उलट फार कमी झालेला आढळला. पुढच्या वर्षी विमानातून घेतलेल्या नोंदींत ध्रुवीय भोवऱ्याच्या, म्हणजे हिवाळ्यात ध्रुवाभोवती फिरणाऱ्या वाऱ्यांच्या कड्याच्या आत नायट्रस ऑक्साइड कमी निघाला. खालची हवा वर चढत असती तर तो जास्त सापडायला हवा होता. म्हणजे हवा तिथे उतरत होती.

राहिला क्लोरीन. तो छिद्राएवढे काम करायचा तर दोन कोडी सुटायला हवी होती, आणि आपण शिकवतो त्या चक्रात या दोन्हींचा मागमूस नाही.

पहिले कोडे म्हणजे एवढा सक्रिय क्लोरीन येतो कुठून? एरवी स्थितांबरातला बहुतेक क्लोरीन निपचित असतो. मिथेनशी क्रिया होऊन त्याचा हायड्रोजन क्लोराइड होतो, किंवा क्लोरीन मोनॉक्साइड नायट्रोजन डायऑक्साइडला चिकटून क्लोरीन नायट्रेट होतो. ही दोन्ही कोठारे ओझोनला हात लावत नाहीत. १९८६ मध्ये सॉलोमन, रोलंडो गार्सिया, रोलंड आणि डोनाल्ड वेबल्स यांनी सुचवले की ही कोठारे उघडतात ती ढगांच्या कणांवर. ध्रुवीय रात्रीत भोवऱ्यातली हवा बाहेरच्या हवेपासून तुटते, तापमान उणे ७८ अंश सेल्सिअसच्या खाली जाते आणि स्थितांबरातही नायट्रिक आम्लाचे आणि बर्फाचे ढग धरतात. त्या कणांच्या पृष्ठभागावर हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरीन नायट्रेट एकमेकांशी क्रिया करतात. क्लोरीन वायू सुटतो आणि नायट्रिक आम्ल कणातच अडकते. मोठे कण खाली पडतात आणि नायट्रोजनही घेऊन जातात. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. क्लोरीन मोनॉक्साइडला पुन्हा निपचित करू शकणारा नायट्रोजन डायऑक्साइडच हवेतून काढून घेतला जातो. सूर्य उगवला की क्लोरीन वायू सहज फुटतो, आणि क्लोरीन मोनॉक्साइड नेहमीच्या शंभरपट होतो.

दुसरे कोडे याहून अवघड होते. क्लोरीन मोनॉक्साइड कितीही झाला, तरी त्यातला क्लोरीन परत सुटल्याशिवाय चक्र फिरत नाही, आणि सोडवणारा ऑक्सिजन अणू तर तिथे नाही. १९८७ मध्ये मारिओ मोलिना आणि लुइसा मोलिना यांनी याचे उत्तर दिले. क्लोरीन मोनॉक्साइडला दुसरा क्लोरीन मोनॉक्साइडच भेटतो. दोन मूलके जोडली जातात, जादा ऊर्जा शेजारचा हवेचा रेणू घेऊन जातो आणि द्विवारिक तयार होते: मधे दोन ऑक्सिजन, दोन्ही टोकांना एकेक क्लोरीन. या रेणूवर ऊन पडले की टोकाचा एक क्लोरीन तुटतो. उरलेला तुकडा इतका ठिसूळ असतो की लगेच त्यातूनही क्लोरीन सुटतो आणि ऑक्सिजनचा रेणू बाजूला होतो. दोन्ही क्लोरीन मोकळे झाले, दोघांनी एकेक ओझोन घेतला, पुन्हा दोन क्लोरीन मोनॉक्साइड. दोन ओझोनचे तीन ऑक्सिजन झाले, आणि या साऱ्यात ऑक्सिजनचा मोकळा अणू एकदाही लागला नाही.

इथे बारकाईने पाहण्यासारखी एक जागा आहे. प्रकाशाने रेणू मधूनच, म्हणजे दोन ऑक्सिजनांमधला बंध तोडून फोडला असता, तर पुन्हा दोन क्लोरीन मोनॉक्साइड मिळाले असते आणि ओझोनचे काहीच बिघडले नसते. उष्णतेने फुटला तर नेमके हेच होते. अंटार्क्टिकाचे सगळे भवितव्य त्या रेणूचा कोणता बंध कशाने तुटतो यावर अवलंबून आहे. थंडी हवी, म्हणजे द्विवारिक उष्णतेने उलट फुटणार नाही. आणि ऊनही हवे, म्हणजे टोकाचा क्लोरीन तुटेल. कडाक्याची थंडी आणि ऊन एकाच वेळी भेटतात ते ध्रुवीय वसंताच्या तोंडाशी. छिद्राचे वेळापत्रक या एका रेणूच्या स्वभावात लिहिलेले आहे.

मोजमाप याच्या बाजूने उभे राहिले. १९८७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चिलीच्या दक्षिण टोकाशी असलेल्या पुंता अरेनास इथून नासाचे ईआर-२ विमान भोवऱ्यात शिरत होते. त्यावर हार्वर्डच्या जेम्स अँडरसन यांचे यंत्र होते. क्लोरीन मोनॉक्साइड त्या पद्धतीने थेट दिसत नाही, म्हणून आत आलेल्या हवेत नायट्रिक ऑक्साइड सोडायचा, त्याने क्लोरीन सुटा करायचा आणि त्या अणूची प्रतिदीप्ती मोजायची. ऑगस्टच्या अखेरीस भोवऱ्यात क्लोरीन मोनॉक्साइड चढलेला होता, पण ओझोन अजून शाबूत होता. १६ सप्टेंबरच्या उड्डाणात चित्र पालटले होते. भोवऱ्याची सीमा ओलांडताच क्लोरीन मोनॉक्साइड अब्जात एक भागाच्या वर उसळतो आणि त्याच ठिकाणी ओझोन कोसळतो. त्या आलेखातल्या दोन रेषा बारीकसारीक वळणांतही एकमेकींच्या उलट चालतात. सीएफसींवर बंधने घालणाऱ्या माँट्रियल करारावर सह्या सुरू झाल्या तोही १६ सप्टेंबर १९८७, हा योगायोग. कराराची बोलणी करणाऱ्यांसमोर हा आलेख नव्हता.

द्विवारिकाच्या या सिद्धान्तालाही एकदा कसोटीला उतरावे लागले. २००७ मध्ये नासाच्या पासाडेना इथल्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेतल्या गटाने प्रसिद्ध केले की, ध्रुवावर पोचणाऱ्या उन्हाच्या लहरी हे द्विवारिक आधी मानले होते त्याच्या कितीतरी कमी शोषते. ते खरे असते तर चक्र मंदावले असते आणि छिद्राचे गणित कोलमडले असते. सीएफसींवरच्या बंदीला मुळातून विरोध असणाऱ्यांना ही पर्वणी वाटली. खरी अडचण अशी होती की द्विवारिक प्रयोगशाळेत शुद्ध मिळत नाही. त्यात क्लोरीन वायू मिसळलेला असतो, आणि त्याचे शोषण वजा करताना थोडी चूक झाली तरी नेमक्या लांब लहरींच्या भागात मोठा फरक पडतो. २००९ पर्यंत तैपेई, हार्वर्ड आणि इतर ठिकाणच्या प्रयोगांनी ही वजाबाकी टाळणाऱ्या पद्धती काढल्या. तैपेईच्या गटाने तर वस्तुमानावरून द्विवारिकाचेच रेणू निवडून मोजले. जुने, मोठे आकडेच बरोबर निघाले. क्लोरीनवाद्यांनी ही शंका दडपली नाही, मोजून फेडली. ज्याला फक्त दोन ओळींचे चक्र ठाऊक आहे त्याला हा वाद कशावर होता हेसुद्धा कळणार नाही, आणि २००७ ची बातमी वाचून तो सगळ्याच सिद्धान्तावर फुली मारून मोकळा होईल.

कोणी म्हणेल, शाळेसाठी सोपे करून सांगितले तर काय बिघडले? सोपे करणे म्हणजे तपशील वगळणे. इथे तपशील वगळलेला नाही. जे तिथे घडत नाही ते घडते म्हणून सांगितले आहे. त्यामुळे विचार करणाऱ्या मुलाच्या प्रश्नांना उत्तर उरत नाही. सीएफसी बव्हंशी उत्तर गोलार्धात वापरले गेले आणि छिद्र दक्षिणेला का? ऊन विषुववृत्तावर जास्त, मग छिद्र ध्रुवावर का? हेच प्रश्न पुढे मोठी माणसे 'ओझोनचे प्रकरण बनावट आहे' असे म्हणण्यासाठी वापरतात, आणि आपण त्यांना अर्धवट रसायनाने तोंड देऊ पाहतो.

लाखाच्या आकड्याचेही तसेच. तो क्लोरीनच्या स्थितांबरातल्या कित्येक वर्षांच्या मुक्कामाचा हिशेब आहे. छिद्राचा हिशेब वेगळा आणि कोणालाही करता येण्यासारखा आहे. त्या थरात ओझोन अब्जात सुमारे तीन हजार भाग आणि एकूण क्लोरीन अब्जात सुमारे तीन भाग. म्हणजे एका क्लोरीनच्या वाट्याला हजारेक ओझोन येतात, आणि तेवढे दीडेक महिन्यात संपतात. हजार हा आकडा लाखापेक्षा लहान आहे, पण एवढ्या थोड्या काळात, एवढ्या थंडीत तो गाठणे, यातच या रसायनाचे खरे सामर्थ्य आहे.

दोन मूलकांच्या भेटीवर वेग ठरत असल्याने आणखी एक गोष्ट घडते: क्लोरीन मोनॉक्साइड दुप्पट झाला की या चक्राचा वेग चौपट होतो. १९७० च्या दशकात क्लोरीन सावकाश वाढत होता, पण हॅलीवरचा ओझोन घसरला तो उतारावरून सुटल्यासारखा. आज उलट्या दिशेने हाच नियम आपल्या बाजूने काम करतो. सप्टेंबरमधले छिद्र २००० नंतर आक्रसू लागल्याचे सॉलोमन यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवले; जागतिक हवामान संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार अंटार्क्टिकावरचा ओझोन १९८० च्या पातळीला २०६६ च्या सुमारास पोचेल. मधल्या काळात छिद्र दरवर्षी सरळ रेषेत लहान होणार नाही. २०१९ मध्ये भोवरा अचानक तापला आणि छिद्र कित्येक दशकांत नव्हते इतके छोटे राहिले. पुढच्याच वर्षी थंडी टिकली आणि ते पुन्हा मोठे झाले. दोन्ही वर्षी क्लोरीन जवळपास तेवढाच होता.

ब्रोमीनला पुस्तकात जागाच नसते. मायकेल मॅकेलरॉय यांच्या गटाने १९८६ मध्येच दाखवले होते की ब्रोमीन मोनॉक्साइड आणि क्लोरीन मोनॉक्साइड भेटले तरी दोन्ही हॅलोजन सुटू शकतात, तेही द्विवारिकाची वाट न पाहता. ब्रोमीन लाख कोटी भागांत वीसेक भाग एवढाच आहे. तरी छिद्राचा मोठा वाटा त्याच्याकडे जातो. आगविझवणीच्या हॅलॉनवर आणि मिथाइल ब्रोमाइडवर करारात वेगळी बंधने का आली, ते इथे कळते.

आपल्या अक्षांशांचा प्रश्नही याच रसायनाने सुटतो. २०२२ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या छिंग-बिन लू यांनी उष्ण कटिबंधावर बारमाही ओझोनछिद्र असल्याचे जाहीर केले, अंटार्क्टिकाच्या सातपट मोठे. भारतातही त्याची बातमी गाजली. त्यातला एक मुद्दा वरकरणी पटण्यासारखा होता: पुणे-मुंबईच्या डोक्यावर १७ किलोमीटर उंचीवर तापमान उणे ८० अंशांच्या आसपास असते, म्हणजे ध्रुवाइतकीच थंडी. पण थंडीने एकटीने काम होत नाही. त्या उंचीवरची आपली हवा नुकतीच खालून वर आलेली असते. तिच्यातले सीएफसी अजून फुटलेले नसतात, त्यामुळे उघडायला क्लोरीनचे कोठारच भरलेले नसते. ध्रुवीय भोवऱ्यात उतरणारी हवा मात्र कित्येक वर्षे स्थितांबरात फिरून आलेली असते आणि तिच्यातला क्लोरीन सुटा झालेला असतो. उष्ण कटिबंधावरचा ओझोन मुळातच २५० ते २८० डॉब्सन एककांच्या आसपास असतो, कारण तिथली हवा सतत वर चढत असते. ते छिद्र नव्हे. त्या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी लू यांचा दावा नाकारला, तो योग्य कारणांनी.

हॅलोजनांच्या ऑक्साइडांचे काम ध्रुवापुरतेच नाही. समुद्राच्या पाण्यातल्या आयोडाइडशी ओझोनची क्रिया होऊन आयोडीन हवेत येते, त्याचे आयोडीन मोनॉक्साइड बनते आणि लाटांवरच्या हवेतला ओझोन घटवते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी हिंदी महासागर ते दक्षिण महासागर या जहाज-मोहिमांत हे मूलक मोजले. आकाशातून येणाऱ्या प्रकाशाच्या वर्णपटात त्याचा ठसा शोधायचा, अशी पद्धत. प्रमाण लाख कोटी भागांत एखादा भाग, किंवा त्याहूनही कमी. तेवढे आयोडीन पाण्यातून नेमके कोणत्या वाटेने बाहेर पडते आणि मोसमी वाऱ्यांच्या प्रदेशात ते किती बदलते, याची गणिते अजून मोजमापांशी पुरती जुळलेली नाहीत.